परक्या मृतांसाठी एक संध्याकाळ

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचे फेस्त होते आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्या पांढऱ्या जिन्यावरच्या रोषणाईचे छायाचित्र आपण आवर्जून छापता. ते पाहताना मला दरवर्षी एक गोष्ट खटकते. तो दुसरा दिवस, म्हणजे ९ डिसेंबर, हा वंशसंहारात बळी गेलेल्यांच्या स्मरणाचा आणि अशा संहाराला आळा घालण्याचा आंतरराष्ट्रीय दिवस आहे, पण त्याविषयीची एक ओळही आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत माझ्या पाहण्यात आलेली नाही. १९४८ साली याच तारखेला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वंशसंहारविरोधी करार संमत केला आणि २०१५ साली त्याच आमसभेने ही तारीख स्मरणासाठी मुक्रर केली. गोव्यात हा दिवस हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान आणि इतरही सर्वांनी एकत्र बसून पाळावा, आणि पाळताना प्रत्येकाने आपली माणसे बाजूला ठेवून दुसऱ्यांच्या मृतांची आठवण काढावी, अशी माझी सूचना आहे. गेल्या वर्षी आम्ही काही जणांनी तसे करून पाहिले. त्यात काय चुकले आणि काय हाती लागले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी तीस वर्षे हायस्कुलात इतिहास शिकवला. पत्र लांबणार, त्याची क्षमा आधीच मागून ठेवते.

प्रथम शब्दाविषयी. राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने १९४४ साली ग्रीक आणि लॅटिन असे दोन तुकडे जोडून ‘जेनोसाइड’ हा शब्द घडवला. त्याचे स्वतःचे आईवडील नाझींच्या हातून मारले गेले. आपल्याकडे त्यासाठी नरसंहार, वंशविच्छेद, वंशसंहार असे शब्द चालतात, पैकी ‘नरसंहार’ हा आपण कोणत्याही मोठ्या हत्याकांडाला लावून मोकळे होतो. करारातला अर्थ मात्र नेमका आहे. राष्ट्र, वंश, वांशिक परंपरा किंवा धर्म यांवरून ओळखला जाणारा एखादा समूह, केवळ तो समूह आहे म्हणून, पूर्णपणे किंवा अंशतः नाहीसा करण्याच्या हेतूने केलेली पाच प्रकारची कृत्ये त्यात मोडतात: त्या समूहातील माणसे मारणे, त्यांना गंभीर शारीरिक किंवा मानसिक इजा करणे, त्यांचा नाश व्हावा अशी जगण्याची परिस्थिती जाणूनबुजून त्यांच्यावर लादणे, त्यांच्यात मुले जन्मू नयेत असे उपाय योजणे आणि त्यांची मुले बळाने काढून दुसऱ्या समूहाच्या हवाली करणे. शेवटची दोन कलमे सांगताना माझा वर्ग नेहमी गप्प होत असे, कारण त्यांत रक्ताचा थेंबही सांडावा लागत नाही. म्हणून मला ‘वंशसंहार’ हा शब्द जवळचा वाटतो आणि या पत्रात मी तोच वापरते. प्रत्येक हत्याकांड हा वंशसंहार नसतो, हे मान्य करूनच पुढे लिहिते. हा भेद पुसला की वाद शब्दावर सुरू होतो आणि मेलेली माणसे राहतात बाजूला.

आता स्मरणाकडे येते. मृतांची आठवण काढायला गोव्यात कोणाला शिकवावे लागत नाही. भाद्रपदात घरोघर म्हाळ होतात. २ नोव्हेंबरला ख्रिस्ती कुटुंबे सिमितेरीत जाऊन थडगी साफ करतात आणि मेणबत्त्या लावतात. शब-ए-बरातला मुसलमान कबरस्तानात जाऊन फातिहा पढतात. या सगळ्यात मृताच्या मागे त्याचे कोणीतरी उरले आहे, हे धरूनच चाललेले असते. वंशसंहारात नेमके तेच उरत नाही. आजोबा, मुलगा, नातू, जावई आणि शेजारचे चुलतघर असे सगळे एकाच आठवड्यात गेले, तर पाणी कोणी सोडायचे? आफ्रिकेतल्या रवांडा देशात अशा समूळ संपलेल्या कुटुंबांची वेगळी नोंद केली गेली आहे आणि त्यांच्यासाठी वेगळे स्मरण केले जाते, कारण त्यांच्या नावाने रडायला घरचे कोणीच शिल्लक नाही. आमच्या घरी म्हाळाच्या दिवशी सगळे पिंड झाल्यावर भटजी आणखी एक पिंड घालायला सांगत. लहानपणी मी वडिलांना विचारले होते, हा कोणाचा? वडील म्हणाले होते, ज्यांचे कोणी नाही त्यांचा. त्याला धर्मपिंड म्हणतात. मी सुचवते आहे ते याहून फार वेगळे आहे असे मला वाटत नाही. फक्त तो पिंड घालताना आपण त्या अनोळखी माणसाचे गाव आणि नाव विचारायचे, एवढाच फरक.

गेल्या वर्षीच्या त्या संध्याकाळची हकीकत अशी. आम्हांला एका संस्थेने आधी सभागृह कबूल केले होते, पण कार्यक्रमाचा विषय कळल्यावर दोन दिवस आधी निरोप आला की सभागृहात रंगकाम काढले आहे. (रंगाचा वास पुढे महिनाभर तरी कोणाला आला नाही.) शेवटी लोटलीला राहणाऱ्या माझ्या एका जुन्या सहकारी शिक्षिकेने आपल्या घराचा बाल्कांव, म्हणजे दारापुढचा बसायचे बाक असलेला ओटा, दिला. बाकावर आठ, पायऱ्यांवर दहा-बारा आणि अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बाकीचे, अशी तीस-पस्तीस माणसे जमली. सुरुवात कशाने करावी यावरच अर्धा तास गेला. कोणी समई म्हणाले, कोणी मेणबत्ती. मडगावहून आलेले मौलवी सौम्यपणे म्हणाले की आमच्यात असा दिवा लावत नाहीत, पण तुम्ही लावा, आमची ना नाही. ‘ना नाही’ म्हणणाऱ्याला बाजूला उभे करून दिवा लावणे कोणालाच बरे वाटेना, तेव्हा दिवा लावलाच नाही. दहा मिनिटे सगळे नुसते गप्प बसलो. डासांनी तेवढ्यात आपले काम केले.

मग वाचन झाले. प्रत्येकाने दुसऱ्यांचा एकेक संहार वाचायला घेतला होता. पाद्रींनी सेब्रेनित्सा घेतले होते. बोस्नियातले हे लहान गाव संयुक्त राष्ट्रांनी १९९३ साली सुरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केले होते आणि ११ जुलै १९९५ रोजी, शांतिसैनिक तिथे असतानाही, ते बोस्नियन सर्बांच्या सैन्याच्या हाती पडले. पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष आणि मुलगे वेगळे काढून मारले गेले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ साली याला वंशसंहार म्हटले आणि २०२४ साली आमसभेने ११ जुलै हा त्याचा स्मरणदिन ठरवला. पण पाद्रींनी हे चार ओळींत उरकले आणि पोतोचारी इथल्या स्मारकावरची नावे वाचायला घेतली. तिथे आधी आडनाव, मग कंसात बापाचे नाव, मग स्वतःचे नाव आणि जन्मसाल अशी ओळ असते. जन्मसाले निरनिराळी, मृत्यूचे वर्ष सगळ्यांचे एकच. एकाच आडनावाखाली, एकाच बापाचे नाव लावलेली तीन-तीन नावे एकामागून एक येऊ लागली, तसा त्यांचा आवाज हळू होत गेला. हसनोविच, मुस्तफिच अशा आडनावांवर ते अडखळत होते. तेव्हा मौलवी म्हणाले, “फादर, हीं आमचींच नांवां, फाटल्यान शेंपडी लायल्या इतलेंच.” (मागे शेपटी लावली आहे एवढेच.) सगळे हसले, पाद्रीही हसले, आणि त्यानंतर ती नावे त्यांना सरळ वाचता येऊ लागली.

मौलवींनी आर्मेनियन ख्रिस्ती लोकांची कहाणी सांगितली. २४ एप्रिल १९१५ च्या रात्री इस्तंबुलात आर्मेनियन लेखक, पत्रकार, वकील आणि धर्मगुरू यांची धरपकड झाली आणि मग गावेच्या गावे सीरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकलली गेली. त्यांतली बहुसंख्य वाटेतच संपली. ऑटोमन तुर्कांचे राज्य मुसलमानांचे होते, हे मौलवींनी झाकले नाही. १९१७ साली मक्केचे शरीफ हुसेन यांनी आपल्या माणसांना पत्र लिहून या ख्रिस्ती निर्वासितांना स्वतःच्या मुलाबाळांसारखे सांभाळण्याची आज्ञा केली होती, हेही त्यांनी सांगितले, पण शेवटी आणि थोडक्यात. आधी गुन्हा सांगितला आणि मग पुण्य. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटला.

फोंड्याच्या एका देवळातले भटजी रवांडा वाचणार होते. तरुण आहेत, अभ्यास चांगला केला होता. ७ एप्रिल १९९४ पासून सुमारे शंभर दिवसांत आठ ते दहा लाख माणसे, बहुतांशी तुत्सी या अल्पसंख्य समाजाची, मारली गेली; मारणारे अनेकदा शेजारी होते, आणि मरणारे आसऱ्यासाठी चर्चमध्ये गेले होते. इथे पाद्रींनी त्यांना थांबवले आणि म्हणाले, यापुढचे मला सांगू द्या. न्यांगे नावाच्या गावात दीड-दोन हजार तुत्सी चर्चमध्ये आसऱ्याला आले असता तिथल्या कॅथॉलिक पाद्रीच्या संमतीने बुलडोझर घालून ते चर्च त्यांच्या अंगावर पाडण्यात आले. अतानाझ सेरोंबा हे त्या पाद्रीचे नाव, आणि आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या अपील पीठाने २००८ साली त्याला जन्मठेप दिली. पोप फ्रान्सिस यांनी मार्च २०१७ मध्ये चर्चच्या आणि तिच्या माणसांच्या पापांबद्दल क्षमा मागितली. बाल्कांवात बसलेल्या लोटलीच्या एका वृद्ध बाईंनी पदराने डोळे पुसले आणि विचारले, “खऱ्यानीच पाद्रीन?” कोणी काही बोलले नाही.

आमच्या नियमाला तिथल्या तिथे एक जोड मिळाली ती अशी: मृत दुसऱ्यांचे आठवायचे आणि मारेकरी आपले सांगायचे. एरवी आपण बरोबर याच्या उलट वागतो. आपले मृत आणि दुसऱ्यांचे मारेकरी, असेच सगळ्यांचे पाढे पाठ असतात, आणि असे स्मरण पुढच्या सूडासाठी सरपण रचून ठेवते. हिंदू म्हणून माझ्या वाट्याला काय येते, हे मग मला सांगावे लागले. १९८४ साली एकट्या दिल्लीत सरकारी आकड्याप्रमाणे २,७३३ शीख मारले गेले, आणि त्यांना मारणारा जमाव बाहेरून आलेला नव्हता. मतदारयाद्या हातात घेऊन घरे शोधणारी माणसे त्याच शहरातली होती. २००२ च्या गुजरातविषयीही बोलले. एका गृहस्थांना ते आवडले नाही, आणि ते त्यांनी तसे सांगितलेही.

त्याच गृहस्थांनी पुढे विचारले, मग काश्मिरी पंडितांचे काय? मौलवींनी लगेच विचारले, गाझाचे काय? कोणी इस्रायलवरच्या ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्याचा विषय काढला, कोणी १९७१ च्या पूर्व बंगालची आठवण दिली, आणि पाच मिनिटांत त्या शांत बाल्कांवाची दूरचित्रवाणीवरची चर्चा झाली. दक्षिण आफ्रिकेने गाझावरून इस्रायलविरुद्ध डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात याच कराराखाली दावा दाखल केला आणि जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने तात्पुरते आदेश दिले, एवढे मी इतिहासाच्या मास्तरणीच्या आवाजात सांगितले, पण ऐकायला कोणी नव्हते. शेवटी मौलवीच म्हणाले, पंडितांचे पुढच्या वर्षी मी वाचतो, गाझाचे तुमच्यापैकी कोण वाचणार ते सांगा. ते गृहस्थ बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “पळोवया,” म्हणजे बघूया. मला त्या ‘पळोवया’चे मोल वाटते. तो होकार नव्हता, पण आठवडाभरापूर्वी तो सरळ नकार असता.

मी स्वतः युरोपातले ज्यू घेतले होते. साठ लाख या आकड्याने कोणी हलत नाही, हे शिकवताना कळले होते, म्हणून मी गोव्याच्या ओळखीच्या वाटेने गेले. पोर्तुगालच्या ज्या हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत आपले आईवडील वाढले, त्याच्याच सरकारचा एक वकील म्हणजे कॉन्सुल, आरिस्तिदिस द सौझ मेंदिश, जून १९४० मध्ये फ्रान्समधील बोर्दो शहरात होता. ज्यू निर्वासितांना लिस्बनची परवानगी मिळाल्याशिवाय व्हिसा देऊ नये, असा सरकारी हुकूम असताना या भाविक कॅथॉलिक माणसाने क्रूगर नावाच्या एका ज्यू धर्मगुरूला घरात आसरा दिला आणि मग दारात येईल त्याला व्हिसा देत सुटला. हजारो लोक त्यामुळे वाचले. सालाझारने त्याला नोकरीतून दूर केले आणि १९५४ साली, म्हणजे आपल्याकडे दादरा-नगर हवेली मुक्त झाली त्याच वर्षी, तो दारिद्र्यात मेला. मराठी मुलखाचाही एक धागा आहे. सोव्हिएत राजवटीने सैबेरियात हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसे, मुख्यतः बायका आणि मुले, १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिली. आणि कोकणातले बेने इस्रायल ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’, हे तर शतकानुशतके आपलीच भाषा बोलत आले. ज्यू या शब्दामागे एखादा मराठी बोलणारा शेजारी उभा केला, की साठ लाखांचा आकडा थोडा थोडा कळू लागतो.

‘पण गोव्यात असे काही होत नाही’, हे वाक्य त्या संध्याकाळी तिघांनी तरी म्हटले, आणि मी स्वतः वर्षानुवर्षे म्हणत आले आहे. ते निम्मे खरे आहे. शिरगावची देवी लईराई आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण यांच्यात दरवर्षी मोगरीची फुले आणि तेल यांची देवाणघेवाण होते. त्या दोघी बहिणी. कुंकळ्ळीला तर याहून खोल गोष्ट आहे. १५८३ साली तिथल्या गावकऱ्यांनी रुदोल्फ आक्वाविवा आणि चार इतर जेझुईट धर्मप्रसारकांना ठार केले, आणि त्यानंतर पोर्तुगिजांनी बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून गावच्या सोळा प्रमुखांवर दग्याने घाला घातला. त्यांतला एक तेवढा निसटला, असे परंपरा सांगते. मारला गेलेला आक्वाविवा नुकताच अकबराच्या दरबारात तीन वर्षे निरनिराळ्या धर्मांच्या पंडितांशी चर्चा करून परतला होता, हे वाचले की इतिहास कसल्या चेष्टा करतो असे वाटते. चर्चने त्या पाच जणांना १८९३ साली धन्य घोषित केले. गावाने आपल्या प्रमुखांचे स्मारक उभारले. दोन स्मरणे आजही वेगवेगळी होतात, आणि तरीही शिगम्याच्या दिवसांत फातर्प्याहून कुंकळ्ळीकरीण देवीची सांत्रे, म्हणजे छत्र्या, निघतात तेव्हा त्या बारा सांत्र्यांमागे गावचे बारा वांगड, म्हणजे कुळे, असतात, बाटून ख्रिस्ती झालेली कुटुंबेही त्यांत आली. ज्या गावाला सांत्र्यांखाली एकत्र चालता येते, त्याला जुलैत एकमेकांच्या मृतांसाठी एकत्र उभेही राहता येईल, असे मला वाटते. पण ते कुंकळ्ळीकरांनी ठरवायचे, फोंड्याच्या बाईने नव्हे.

इन्क्विझिशनचेही, म्हणजे धर्मद्रोहाबद्दल शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायासनाचेही, तसेच. १५६० ते १८१२ एवढा काळ ती संस्था गोव्यात होती, मधली चार वर्षे सोडली तर. तिला करारातल्या अर्थाने वंशसंहार म्हणावे असे मला वाटत नाही, पण लोकांचे देव, भाषा, लग्नाचे विधी, पोशाख असे सारे एकेक करून गुन्हा ठरवणे कसे असते, हे समजायला तिच्याहून जवळचा धडा नाही. हा धडा आजच्या ख्रिस्ती शेजाऱ्याला टोमणा मारण्यासाठी काढणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की त्या न्यायासनापुढे सर्वांत जास्त उभे राहिले ते नवख्रिस्तीच. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला ज्याचे नाव आहे तो वैद्य गार्सिया दा ओर्ता मूळचा ज्यू. त्याच्या बहिणीला १५६९ साली गोव्यात जिवंत जाळले आणि १५८० साली त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली. फेस्ताच्या दिवशी आपण खाजे खात त्या बागेच्या कठड्याला टेकून उभे असतो.

आणि अलीकडचे? १९८६ च्या डिसेंबरात मराठी-कोकणी भाषेच्या वादावरून गोव्यात माणसे मेली. मी मराठीची कट्टर अभिमानी आहे आणि त्या वेळी मोर्च्यांत चाललेही होते. मेलेले बहुतेक कोकणी चळवळीतले होते. ते लोक त्यांना हुतात्मे मानतात. लोटलीहून परत येताना बोरीच्या पुलावर माझ्या लक्षात आले की त्या मृतांपैकी एकाचेही नाव मला सांगता येणार नाही. सेब्रेनित्साची वीस नावे मी नुकतीच ऐकून आले होते. २००६ च्या मार्चात सावर्डे-कुडचड्यात मुसलमानांची दुकाने जाळली गेली, कुटुंबे रातोरात गाव सोडून गेली, तेव्हाही मी शाळेत नेहमीप्रमाणे पानिपत शिकवत होते. यातले काहीही वंशसंहार नव्हे. पण ज्याला आपण ‘असे काही’ म्हणतो, त्याच्या पहिल्या पायऱ्या अशाच असतात.

त्या पायऱ्यांवर भाषा फार लवकर येते, म्हणून हे पत्र मी संपादकांना लिहीत आहे. रवांडात बेल्जियन राजवटीपासून प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे लिहिलेले असे. नाक्यावर ते कार्ड दाखवताच जगणे-मरणे ठरत होते. पण त्याआधी काही वर्षे ‘कांगुरा’ नावाचे एक पत्र आणि १९९३ पासून आरटीएलएम हे रेडिओ केंद्र तुत्सींना ‘इन्येन्झी’, म्हणजे झुरळे, म्हणत होते. ‘कांगुरा’चा संपादक हसन न्गेझे याला २००३ साली वंशसंहाराच्या गुन्ह्यात दोषी ठरवण्यात आले. त्याने स्वतः छापलेल्या मजकुराचाच पुरावा त्याच्याविरुद्ध पुरेसा बोलका होता. त्याआधी न्युरेंबर्गला नाझी संपादक युलिउस श्ट्राइखर याला १९४६ साली फाशी झाली होती. आपल्याकडच्या वाचकपत्रांत आणि बातम्यांखालच्या प्रतिक्रियांत ‘वाळवी’, ‘कीड’, ‘ठेचून काढा’ हे शब्द माणसांसाठी किती सहज येतात, ते आपण माझ्याहून रोज पाहता. धर्मावरूनच येतात असेही नाही. ‘घाटी’ आणि ‘भायले’ (बाहेरचे) हे शब्द आपण गोंयकार मंडळी जेवताना वापरतो. ज्याने आपले घर बांधले, नाला उपसला, मासळी आणून दिली, त्याला. मी आपल्याला कोणाचे मत छापू नका असे म्हणत नाही. माणसाला किडा म्हणणारे वाक्य तेवढे कापा, मग ते माझ्या पत्रातले असले तरी.

शिक्षकांचीही यातून सुटका नाही, हे माझ्या सहकाऱ्यांसाठी लिहिते. वंशसंहाराबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोषी ठरवलेला पहिला माणूस म्हणजे रवांडातील ताबा गावचा प्रमुख ज्याँ-पॉल अकायेसू. निकाल २ सप्टेंबर १९९८ चा. हा पूर्वी शिक्षक होता आणि नंतर शाळातपासनीस. न्यायालयाच्या नोंदीप्रमाणे पहिले दहा-बारा दिवस त्याने आपल्या गावात हत्या होऊ दिल्या नाहीत. मग १८ एप्रिलला वरच्या पुढाऱ्यांची बैठक झाली आणि तिथून परतल्यावर तो बदलला. मला राहून राहून त्या पहिल्या दहा-बारा दिवसांचा विचार येतो. त्या बैठकीत त्याच्या शेजारी बसून ‘नको’ म्हणणारा आणखी एखादा माणूस असता तर काय झाले असते, हे कोणालाच सांगता येणार नाही. पण असा माणूस वेळेवर सापडायचा तर त्याची आधीपासून ओळख हवी, आणि निरनिराळ्या धर्मांच्या माणसांनी वर्षातून एकदा तरी एका बाल्कांवात बसण्याचा व्यावहारिक उपयोग मला यातच दिसतो. संकटाच्या रात्री पाद्रीला मौलवींचा फोन नंबर शोधायला लागू नये. संयुक्त राष्ट्रांनी २०१७ साली धर्मगुरूंसाठी जो फेझ कृती आराखडा जाहीर केला, त्यातही चिथावणीच्या विरोधात धर्मगुरूंनी लगेच आणि एकत्र बोलण्यावर भर आहे.

कायद्याबाबत थोडक्यात लिहिते. भारताने हा करार १९५९ साली स्वीकारला. कराराच्या पाचव्या कलमाप्रमाणे सह्या करणाऱ्या प्रत्येक देशाने आपल्याकडे तसा कायदा करायचा असतो. आपण तो आजवर केलेला नाही. १९८४ च्या शीख हत्यांबद्दलच्या सज्जन कुमार खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ रोजी ही पळवाट तातडीने बुजवायला हवी असे स्पष्ट म्हटले आणि १९८४ बरोबर मुंबई, गुजरात, कंधमाल आणि मुझफ्फरनगर इथल्या हत्याकांडांचीही नावे घेतली. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण हा गुन्हा तिच्यातही आला नाही. गोव्याचे संसदेत तीन सदस्य आहेत. त्यांच्यापैकी एकाने खासगी विधेयक मांडायला हरकत काय, हा प्रश्न आपल्या वार्ताहरांनी त्यांना विचारावा. जमावाच्या हिंसेबाबत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये दिलेल्या आदेशानुसार प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला एक समन्वय अधिकारी असायला हवा. आपल्याकडे तो कोण आहे आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक काय, हे आपल्या वृत्तपत्राने ठळक छापले, तर ते एका चौकटीएवढे काम आहे.

या वर्षीच्या ९ डिसेंबरला आम्ही पुन्हा जमणार आहोत. जागा म्हणून पणजीच्या चर्चसमोरची ती गार्सिया दा ओर्ताच्या नावाची बाग मनात आहे. फेस्ताची दुकाने दुसऱ्या दिवशीही उभी असतात, त्यामुळे गर्दीतले कोणी थांबून ऐकेलही. परवानगीचा अर्ज दिला आहे आणि या वेळी रंगकामाची सबब चालणार नाही, कारण बागेला भिंती नाहीत. मौलवींनी पंडितांविषयी वाचन सुरू केल्याचे कळवले आहे. त्या ‘पळोवया’ म्हणणाऱ्या गृहस्थांचा फोन अजून आलेला नाही. मी १९८६ च्या मृतांची नावे मडगावच्या एका कोकणी मित्राकडून लिहून घेतली आहेत आणि ती मीच वाचणार आहे. कोणाला यायचे असेल त्याने दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या भाषेच्या पाच मृतांची नावे आणावीत आणि येण्यापूर्वी ती घरी दोनदा मोठ्याने म्हणून पाहावीत, म्हणजे वाचताना अडखळायला होणार नाही. दिव्याचे अजून ठरलेले नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
फोंडा, गोवा